उजव्या हाताचं स्वामित्वधन

कल्पना कर, तुझ्या हातात एक बारीक ब्रश आहे. टोकाला जेमतेम पाचसात केस. समोर शाडूचा गणपती बसलाय. अंगाचा रंग झालाय, पितांबर झालंय, मुकुटावरचं सोनं वाळलंय. फक्त डोळे नाहीत. त्या जागी दोन कोरे, पांढरे बदाम. आता श्वास रोखायचा आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मध्येच थांबलं की रेघ अडखळते, आणि अडखळलेल्या रेघेचा देव जन्मभर, म्हणजे दीड दिवस किंवा दहा दिवस, भक्तांकडे संशयानं बघत राहतो.

जमेल तुला? नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. पेणमध्ये गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने आहेत, पण ही रेघ ज्याला साधते असं माणूस दहा कारखान्यांत एखादंच. या कामाला तिथे आखणी म्हणतात.

आता काळ जरा पुढे ढकल. फार नाही, तुझे केस पिकायला लागतील एवढाच. त्या काळातल्या पेणमध्ये, मोकलांच्या कारखान्याला लागून असलेल्या घरात, मिहिका नावाची बारा वर्षांची मुलगी राहते. एका दुपारी ती शाळेतून आली, तर हॉलमधली तिच्या आत्याची खाट जागेवर नव्हती.

"आई, आत्या कुठेय?"

"ताईंना रंगखोलीत हलवलंय," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तिकडे शांत असतं. आराम मिळेल."

"तिकडे थिनरचा वास येतो."

"खिडकी आहे की."

"तिच्यापुढे डब्यांची थप्पी लावलीय. उघडत नाही ती."

आईचं लाटणं थांबलं नाही. "हातपाय धू आणि जेवायला बस. आणि बाबांशी या विषयावर वाद नको. त्यांच्या डोक्याला आधीच ताप कमी नाही."

मिहिका न जेवताच कारखान्याच्या मागच्या अंगाला गेली. रंगाच्या पिंपांमध्ये जेमतेम मावेल अशी खाट घातली होती. तृप्ती आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात चादरीवर आपला आपण थडथडत होता.

"ये," आत्या म्हणाली. "बघ, मला स्वतंत्र खोली मिळाली. शिवाय चोवीस तास सुवास."

"तू नेऊ कशी दिलीस त्यांना खाट?"

"मला विचारलं असतं तर नसती दिली गं. पण उचलली तेव्हा मी तिच्यावरच होते."

मिहिका हसली नाही. 

हे सगळं कशानं झालं ते कळायला तुला आधी एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागेल. सुतार खुर्ची करतो, विकतो, पैसे घेतो. मग त्या खुर्चीवर कोण किती वेळा बसलं याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. पण गाणं, गोष्ट, नक्षी, यंत्राची नवी युक्ती यांचं तसं नसतं. त्या एकदा सुचल्या की हजारदा वापरता येतात आणि वापरून झिजत नाहीत. म्हणून माणसांनी एक न्याय लावला: जितक्यांदा वापराल तितक्यांदा ज्यानं ते घडवलं त्याला मिळकतीतला लहानसा वाटा द्या. या वाट्याला स्वामित्वधन म्हणतात. बोलताना आपण सगळे रॉयल्टी म्हणतो. न्याय चांगलाच आहे. अडचण एवढीच, की घडवलं कुणी हे ठरवायचं कसं? पुस्तकावर नाव छापलेलं असतं. मूर्तीच्या पापणीवर कुणाचं नाव असतं?

पेणच्या कारखान्यांत तर रीतच होती, की मूर्ती कारखान्याची आणि नाव मालकाचं. माती मळणारा, साचा काढणारा, डोळे आखणारी, सगळे त्या एका नावाच्या पोटात. मग यांत्रिक हात आले. आखणी करणाऱ्यानं एकदा डोळे काढायचे. यंत्र त्याच्या हाताची चाल टिपून घेणार आणि तीच चाल हजारो मूर्तींवर जशीच्या तशी चालवणार. मोकलांच्या डोळ्यांची चाल बेळगावपासून सुरतेपर्यंत विकली जाऊ लागली.

त्यामागोमाग आला हातपारखी, म्हणजे हात ओळखणारं यंत्र. तू स्वतःच्या हाताकडे बघ. तो कधीच स्थिर नसतो. मेंदू स्नायूंना हुकूम देतो तो नळाच्या धारेसारखा सलग देत नाही, थेंबाथेंबानं देतो. म्हणून कसलेला हातसुद्धा सेकंदाला दहाएक वेळा, डोळ्यांना दिसणार नाही इतका, थरथरतो. त्यात वळणावर कोण किती मंदावतं, रेघ सोडताना मनगट कसं उचलतं, दाब कुठे हलका होतो, हे सगळं मिळून प्रत्येक हाताची एक लय होते. दोन माणसांची लय अगदी सारखी कधीच नसते. ती लय रंगाच्या थरात उमटते, कुठे कणभर जाड, कुठे पातळ. आणि यांत्रिक हात तीही इमानेइतबारे गिरवतो. हातपारखी हा थर वाचतो आणि सांगतो, की सुरतेतल्या या गणपतीचे डोळे पेणच्या अमक्या हातानं काढलेत. सरकारनं कायदा केला: ज्याचा हात, त्याचं स्वामित्वधन.

मिहिकाचे बाबा, प्रथमेश मोकल, पहिल्याच दिवशी नोंदणीला गेले. त्यांच्या मनात तेव्हा कपट नव्हतं, हे सांगायला हवं. कारखाना माझा, म्हणजे डोळे माझेच, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. यंत्रापुढे बसून त्यांनी ऐटीत एक डोळा काढला. यंत्र म्हणालं, "जुळत नाही." त्यांनी दुसरा काढला. "जुळत नाही."

रांगेतला मागचा कारखानदार ओरडला, "प्रथमेश, तिसरा काढू नको रे! गणपतीचा शंकर होईल!"

सगळी रांग हसली. बाबा तांबडेलाल होऊन घरी आले आणि थोरल्या बहिणीसमोर बसले. नवरा सोडून माहेरी आलेली ही बहीण गेली कित्येक वर्षं मागच्या पडवीत बसून डोळे आखत होती. "ताई, उद्या जरा माझ्याबरोबर चल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी यंत्र पहिल्याच रेघेला म्हणालं, "जुळतं." आत्या एवढंच म्हणाली, "हो का?" आणि बाबांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. त्या सहीनं बाबा तिचे मुखत्यार झाले. तिच्या वतीनं पैसे घ्यायचे, व्यवहार बघायचे.

तेव्हापासून त्या घरात आत्या राहिली नाही, तिचा उजवा हात राहू लागला. सकाळी उठल्यावर बाबा विचारत, "हात कसा आहे?" ती कशी आहे, हे कुणी विचारत नसे. तिनं भाजी चिरायची नाही, कपडे पिळायचे नाहीत, मिहिकाला उचलून घ्यायचं नाही. आई रोज त्या हाताला साजूक तूप चोळायची आणि उरलेलं तूप परत वाटीत निथळून घ्यायची. व्यापारी आले की हाताला वाकून नमस्कार करायचे आणि आत्याच्या चेहऱ्याकडे न बघता निघून जायचे. एकानं तर त्या हाताचा चांदीचा ठसा करून गल्ल्यावर ठेवला होता. आत्याला एकदा टायफॉइड झाला. डॉक्टर तपासायला वाकले तर बाबा आधी काय म्हणाले असतील? "सलाईन डाव्या हाताला लावा हं."

नवा कारखाना झाला, गाडी आली, आईच्या हातात पाटल्या आल्या. आत्याला दिवाळीला साडी मिळे. "ब्लाउजपीससकट, बरं का," ती मिहिकाला सांगायची.

आणि मग या उन्हाळ्यात तो हात हलू लागला. आधी चहाच्या कपात, मग जेवताना. डॉक्टर म्हणाले, कंपवात. हा कंप निरोगी हाताच्या थरथरीसारखा बारीक नसतो. तो मोठा असतो, संथ असतो, आणि तो आला की जुनी लय बुडते. घरातल्या छोट्या यंत्रावर आत्यानं डोळा काढून पाहिला. "जुळत नाही." त्यानंतर आठवड्याभरात तूप बंद झालं. तिचा चमचा ताटावर वाजतो म्हणून ताट वेगळं झालं. मग खाट हलली.

त्या रात्रीच्या जेवणाला बाबांनी पेढ्यांचा खोका उघडला. "मिहू, बस. तुला एक आनंदाची गोष्ट सांगायचीय. परवा तू तो छोटा उंदीरवाला गणपती आखलास ना, त्याचे डोळे मी यंत्रावर टाकून पाहिले. ताईच्या हाताशी नव्वदच्या वर जुळतात! एवढे जुळले की पास."

यात जादू नव्हती. मिहिका सहा वर्षांची असल्यापासून आत्याच्या मुठीत हात देऊन आखणी शिकली होती. गुरूची लय शिष्याच्या हातात अशीच उतरते.

"म्हणून काय?" मिहिकानं विचारलं.

"सोमवारी नोंदणी कार्यालयाच्या गुंजाळ मॅडम येतायत. दरवर्षी हात जिवंत आहे की नाही हे बघायला येतात ना, तशा. नव्या हंगामाचे डोळे त्यांच्यासमोर नोंदवायचे. व्यापाऱ्यांकडून मी आगाऊ रक्कम घेऊन बसलोय. ताईचा अंगठा घेतील, मग ताई पडद्याआड जाईल. आत तू बसलेली असशील. बस, दोन डोळे. संपलं."

पडदा ही मोकलांकडची जुनी रीत होती. देवाचे डोळे उघडताना परक्यानं बघायचं नाही. गुंजाळ मॅडमही दरवर्षी ती पाळायच्या आणि पडद्याबाहेर पोहे खात बसायच्या.

"म्हणजे डोळे मी काढायचे आणि नाव आत्याचं?"

"नाव घरचंच ना? ताई काय परकी आहे?"

"परकी नाही तर रंगखोलीत का ठेवलीय?"

"मिहिका!" आई म्हणाली.

बाबा हसले. त्यांच्या दातांना पेढ्याचा केशरी लगदा चिकटला होता. "अगं, तिच्याचसाठी चाललंय हे. रॉयल्टी थांबली तर तिच्या गोळ्या कोण आणणार? तुझ्यावर आहे बघ आता सगळं." आणि त्यांनी एक पेढा मिहिकाच्या तोंडात कोंबला. तो तिनं मोरीत जाऊन थुंकला, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली. चव जाईना.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी ती रंगखोलीत गेली. "आत्या, तुझा हात गेला असं सांगितलं तर तुझे पैसे बंद होतील?"

"कोण म्हणालं? पहिल्याच दिवशी त्या ऑफिसातल्या बाईंनी मला नीट समजावलं होतं. आजारानं हात गेला तर जुन्या डोळ्यांचं स्वामित्वधन मरेपर्यंत चालू राहतं. फक्त मुखत्यार राहत नाही, पैसे सरळ माझ्याकडे येतात. नवे डोळे तेवढे माझ्या नावावर चढत नाहीत."

मिहिका बघतच राहिली. "मग तू सांगत का नाहीस?"

"सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, इतकी वर्षं पैसे कुठे गेले? प्रथमेशला विचारतील. धाकटा भाऊ आहे गं माझा. कडेवर घेऊन फिरवलाय त्याला, नाक पुसलंय." आत्यानं डाव्या हातानं उजवा दाबून धरला, दोन्ही मिळून हलू लागले. "माझं मी गिळलं. सवयच झाली होती. पण आता तो तुझा हात माझ्या नावाला जुंपणार म्हणतो, तेव्हा मात्र ओकारी येते मला."

"मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार. बारा वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकलं कुणी? त्यात मी आणखी भर घालू? जा, बस चुकेल तुझी."

रविवारपर्यंत मिहिका बाबांशी बोलली नाही. पण बाबांना ते कळलंसुद्धा नाही. ते दर तासानं येऊन तिच्या हाताकडे बघून जात होते. एकदा तर त्यांनी विचारलंच, "हात कसा आहे?" मिहिकानं हात पाठीमागे लपवला. ज्या हातानं ती वेणी घालायची, क्रिकेटचा चेंडू फेकायची, तो तिला एकदम कुणाच्या तरी उष्ट्या ताटासारखा वाटला.

सोमवारी सकाळी आईनं आत्याला रेशमी साडी नेसवली. थिनरचा वास जावा म्हणून अत्तर फवारलं. दोन्ही वास एकमेकांत मिसळून काहीतरी भलतंच तयार झालं. मग आईनं आत्याचा उजवा हात पदराखाली कमरेशी धरला आणि एका फडक्यानं करकचून बांधला.

"घट्ट होतंय का हो, ताई?"

"हात पळून जाणार आहे का, स्नेहल?" आत्या म्हणाली. "मी म्हातारी, तो कंपवाती. दोघं कुठे जाणार?"

आईनं गाठ आणखी एकदा आवळली. मिहिका दारात उभी राहून बघत होती. जत्रेतल्या कोंबडीचे पाय असेच बांधतात.

गुंजाळ मॅडम हॉलमध्ये येऊन बसल्या. जाड चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत यंत्र. "काय तृप्तीताई, हात कसा आहे?" त्यांनीही तेच विचारलं. उजवा हात जपायचा म्हणून आत्यानं दरवर्षीसारखा डाव्या हाताचा अंगठा दिला. यंत्रानं अंगठा ओळखला. मॅडमनी यंत्राची लेखणी तिच्या डाव्या हातात ठेवली आणि आत्या पडद्याआड आली. तिथे पाटावर मिहिका बसली होती, समोर लेखणीची चाल टिपणारी पांढरी पाटी.

आत्या खुर्चीत टेकली. लेखणी तिनं मिहिकाच्या मांडीवर ठेवली आणि नजर छताकडे लावली. पदराखाली तिचा हात फडक्याला हिसके देत होता आणि प्रत्येक हिसक्याला रेशीम सळसळत होतं.

बाहेर बाबांचं चालू होतं. "ताईचा हात म्हणजे देवाचं देणं हो, मॅडम. आम्ही तर फुलासारखा जपतो. घ्या ना, अजून पोहे घ्या." मध्येच त्यांचा स्वतःचा घास चावल्याचा मचमच आवाज.

मिहिकानं लेखणी उचलली. रेघ तिला दिसत होती. अगदी सोपी होती ती, मनगट वळलं की झाली असती. मग व्यापाऱ्यांची आगाऊ रक्कम फिटली असती, बाबा पकडले गेले नसते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पडदा, पुन्हा पाट. आणि फडकं. अत्तर आणि थिनरचा तो वास तिच्या नाकात घुसला.

तिनं लेखणी खाली ठेवली. गाठ दातांनीच सोडवावी लागली, इतकी आवळली होती. मोकळा झालेला हात आत्याच्या मांडीवर थडथडू लागला. आत्यानं छताकडून नजर काढून मिहिकाकडे पाहिलं. नको, असं ती म्हणाली नाही.

मिहिकानं पडदा सरकवला.

"मॅडम, आत्याला कंपवात झालाय. डोळे मी काढणार होते."

बाबांचा चमचा बशीत पडला. "अहो, लहान आहे. चेष्टा करायची सवय आहे तिला. मिहू, आत जा बघू!"

गुंजाळ मॅडमनी चष्मा वर केला. खाली पडलेलं फडकं पाहिलं, मग आत्याकडे वळल्या. "तृप्तीताई, खरं आहे का हे?"

आत्यानं उजवा हात वर केला. तो हवेत हलत राहिला. "बघा ना," ती म्हणाली. "आता मला बोलायला कशाला लावता?"

 पोह्यांची बशी मॅडमनी बाजूला सारली, जणू तिच्यात केस निघाला होता. "मोकल, मुखत्यारी आजपासून थांबली. डॉक्टरांची तपासणी होईल, पैसे यांच्या खात्यात जातील. आणि आतापर्यंतच्या रकमेबद्दल कार्यालय तुम्हाला विचारेल."

आई भिंतीला टेकली. बाबांचा चेहरा पांढरा पडला. आता ते ताईकडे बघतील, निदान मान तरी खाली घालतील, असं मिहिकाला वाटलं. तसं झालं असतं तर तिला रडू आलं असतं, कदाचित तिनं माफही केलं असतं. बाबांनी पाहिलं ते तिच्याच हाताकडे. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला.

"मग हिचा नोंदवा ना, मॅडम!" त्यांनी मिहिकाचं मनगट धरलं आणि बाजारात दुधी दाखवावा तसं पुढे केलं. "माझीच मुलगी आहे. मी पालक, मीच सही करतो. नव्वदच्या वर जुळतो! आणि हा तर अजून पन्नास वर्षं चालेल!"

मॅडमनी पिशवी खांद्याला अडकवली.

"तिला विचारलंत का?" मॅडमनी विचारलं.

"तिला काय विचारायचं? लहान आहे ती."

मिहिकानं मनगट हिसडून सोडवलं. फ्रॉकला पुसलं, दोन्ही बाजूंनी. "मॅडम, माझा हात कुठेही लिहू नका. मोठी झाले की माझी मी येईन. वाटलं तर येईन."

"नाही लिहीत," मॅडम म्हणाल्या.

बाबा काहीतरी बोलू लागले, ताईच्या गोळ्यांबद्दल, व्यापाऱ्यांबद्दल, पोटच्या पोरीबद्दल. मिहिका ऐकायला थांबली नाही. ती कारखान्यातून मागे गेली, रंगखोलीत शिरली, डब्यांची थप्पी पायानं ढकलून वाट केली आणि लोखंडी खाटेचा पायथा दोन्ही हातांनी उचलला. उशाकडची बाजू जमिनीवर घासत, किरकिरत, ती खाट तिनं एकटीनं कारखान्यातून ओढत आणली. हॉलच्या उंबऱ्याला खाट अडकली.

"मॅडम, जरा ती बाजू धरता?"

गुंजाळ मॅडमनी पिशवी खांद्यावरून उतरवली, मागच्या बाजूला गेल्या आणि खाट उचलली. पुढे, खाटेच्या वाटेत, बाबा उभे होते, तोंड अजून अर्धवट उघडं.

"बाबा, बाजूला हो," मिहिका म्हणाली, आणि तो हलेपर्यंत खाट हातात धरून तशीच उभी राहिली.